झावळ्यांच्या रविवारचं गाढव

आमचे घरमालक माणसाची पारख तो गाडीतून कसा उतरतो त्यावरून करत.

आम्ही दोघं कासारवाडीला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा सामानाचा टेम्पो फाटकाशी थांबला आणि मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून खाली उडी मारली. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. अंगात पांढरा हाफशर्ट, हातात पिवळं फडकं. मी आधी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, पाणी आणू का?" आणि मग घराकडे बघितलं. एवढ्यावर त्यांनी आत हाक मारली, "अहो, ऐकलं का? हे लोक चांगले आहेत. वरचं ते लाकडी कपाट राहू दे त्यांना वापरायला." माझा नवरा त्याच वेळी टेम्पोच्या मागून गादीसकट घसरत खाली आला होता. त्याच्याविषयी त्यांनी बरेच दिवस मत राखून ठेवलं.

मी त्यांना काका म्हणायची. काकांची सगळी नोकरी एका कंपनीतल्या मोठ्या साहेबांची गाडी चालवण्यात गेली. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, मागचं दार उघडून धरणारा हात तोच राहिला. "माणूस गाडीत चढताना सगळ्यांना दिसतो, पोरी," ते म्हणायचे. "उतरताना फक्त ड्रायव्हरला दिसतो. आणि उतरतानाच कळतं, आत कोण बसलं होतं ते."

रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी घेतली नाही. सायकल होती, तिची घंटा त्यांनी काढून टाकली होती. कुणी वाटेत आलं की पाय टेकून थांबायचे आणि म्हणायचे, "सरकता का राजे?" सगळ्यांना राजेच म्हणायचे. दूधवाला राजे, कचऱ्याच्या गाडीवरचा पोरगा राजे, भाजीवाली मावशी तेवढी राणीसाहेब. रिक्षात मागे बसायला सांगितलं तर त्यांना कसंतरी व्हायचं. ते ड्रायव्हरच्या बाजूला अर्धं अंग बाहेर काढून बसत आणि पोलीस दिसला की रिक्षावाल्याचा जीव खालीवर होई. मॉलमध्ये ते एकदाच गेले. आपोआप उघडणारं काचेचं दार पाहून बाहेरच उभे राहिले. "इथं एक माणूस होता की नाही? त्याला कुठं पाठवला?" असं त्यांनी सिक्युरिटीवाल्याला विचारलं. तेव्हापासून काकू त्यांना न घेताच जातात.

रोज सकाळी ते पिवळं फडकं घेऊन गल्लीत उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांच्या काचा पुसत. कुणी सांगितलेलं नसे. ज्यांच्याशी पार्किंगवरून भांडण झालेलं असे त्यांचीही गाडी पुसून होई, फक्त जरा जोरात. ते झालं की नाक्यावरचे फ्लेक्स वाचून दाखवत. आमच्या नाक्यावर फ्लेक्सला तोटा नव्हता. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, गॉगल लावलेले चेहरे, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. काका एकेक नाव मोठ्यानं वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, "एवढे सगळे किंग झाले, मग पाणी सोडायला उशीर का होतो?"

ते ख्रिस्ती होते. मूळ नगरकडचे. मी लातूरची. आमच्या गावात ख्रिस्ती म्हणजे दवाखान्यातली एक सिस्टर, एवढंच मला माहीत. काकूंच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेले तेव्हा थोडी बिचकले होते. पण तिथे माझ्या आईच्या घरातल्यासारखाच हिंगाचा आणि शेंगदाण्याच्या कुटाचा वास होता. भिंतीवर क्रूस होता, त्याच्या खाली काकूंचं औषधांचं वेळापत्रक आणि काकांचा कंपनीतला फोटो. फोटोत साहेब हसत होते आणि काका दाराची मूठ धरून उभे होते.

त्या घरात एका विषयाला बंदी होती. गाढवाच्या.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी त्यांच्या चर्चची मिरवणूक निघते. तिला ते झावळ्यांचा रविवार म्हणतात. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी रस्त्यावर कपडे आणि झावळ्या अंथरून त्याचं स्वागत केलं, राजा आला, राजा आला म्हणून जयघोष केला, त्याची आठवण. लहानमोठे सगळे हातात झावळ्या घेऊन, ढोलकीवर गाणी म्हणत नाक्यापासून चर्चपर्यंत चालत जातात. काकांचं म्हणणं एकच, राजा गाढवावरून आला होता तर मिरवणुकीत गाढव पाहिजे. दरवर्षी ते कमिटीच्या मीटिंगमध्ये हात वर करत. दरवर्षी सेक्रेटरी, जे बँकेतून रिटायर झालेले नीटनेटके गृहस्थ होते, चष्मा काढून म्हणत, "पुढचा विषय."

एकदा सेक्रेटरींनी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी फुलांनी सजवलेली उघडी जीप ठरवली. काका मीटिंगमध्ये उभे राहिले. हे मला काकूंनी कपाळावर हात मारत सांगितलं.

"साहेब," काका म्हणाले म्हणे, "जीपमधून राजा आला तर तो उतरताना दार उघडायला माणूस लागणार. मी आयुष्यभर तेच केलंय. गाढवावरून उतरायला कुणी लागत नाही. म्हणून त्यानं गाढव मागवलं."

"आणि रस्त्यावरचे लोक काय म्हणतील?" सेक्रेटरींनी विचारलं. "आपल्याकडे गाढवावरून कुणाला नेतात ठाऊक आहे ना? आपण मूठभर माणसं. ख्रिस्ती लोकांनी कुणाची तरी धिंड काढली असा व्हिडिओ फिरेल."

त्यांचंही चुकीचं नव्हतं.

मग एका वर्षी चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले. तरुण, गुबगुबीत, सगळ्यांचं ऐकून घेणारे. काकांनी विषय काढला तेव्हा ते हसून म्हणाले, "मिळालं तर आणा की." त्यांना वाटलं असणार, पिंपरी-चिंचवडमध्ये आता गाढव कुठून मिळतंय!

काका घरी आले ते सायकल ओट्याला टेकवायचीही विसरले. "पोरी, शनिवारी तुला सुट्टी असते ना?"

मी तळवड्याला आयटी कंपनीत होते, शनिवार मोकळाच. मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून निघाले. मागे बसायची त्यांना सवय नव्हती. भोसरीपर्यंत ते लाकडासारखे ताठ होते. सिग्नलला थांबलो तेव्हा कानाशी म्हणाले, "मला साहेब झाल्यासारखं वाटतंय. लवकर सापडलं तर बरं."

पूर्वी बांधकामांवर विटा न् वाळू वाहायला गाढवं असायची. आता आम्ही जिथं जिथं विचारलं तिथं लोक हसले. "काका, जेसीबी घेऊन जा," एक मुकादम म्हणाला. "फुलं उधळायला लग्नात तोच वापरतात." शेवटी तळवड्याच्या पुढे, नदीकाठी, एका अरुंद बोळातल्या जुन्या घराचं पाडकाम चाललेलं दिसलं. बोळात ट्रॅक्टर शिरत नव्हता, म्हणून पाडलेल्या विटामातीचं राबिट गाढवांवरून बाहेर येत होतं. गाढवांमागे एक बाई होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, वय माझ्या आईएवढं.

काकांनी तिला नमस्कार केला. "राणीसाहेब, रविवारी एक गाढव मिळेल का? मिरवणुकीला हवंय."

बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुनाची धिंड हाय?"

"धिंड नाही बाई. देवाची मिरवणूक आहे."

"देव गाढवावर बसतो व्हय?"

"आमचा बसला होता."

तिनं टॉवेलच्या टोकानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आमच्या शितळाआईचं बी वाहन गाढवच हाय." आणि गाढवाच्या मानेवरची धूळ झटकत पुढे बोलली, "पन सगळं जग तिला देवी म्हनतं न् गाढवाला गाढवच म्हनतं."

काकांचा चेहरा असा उजळला की जणू एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या बाजूनं मत दिलं होतं. बाई यायला तयार झाली. अट एकच, गाढवाबरोबर ती स्वतः येणार. "मी न्हाई तर ते हलायचं न्हाई."

परत येताना काकांनी चहाच्या टपरीपाशी थांबायला सांगितलं. दुपार होती, वडाखाली बाकडं होतं. मी सहज विचारलं, "काका, एवढा हट्ट कशासाठी पण? खरं सांगा."

त्यांनी कप खाली ठेवला. आणि साधी हकीकत सांगावी तसं सांगितलं.

"मी लहान होतो तेव्हा गावातल्या एका मोठ्या घरची शेळी हरवली. आमची वस्ती गावाबाहेर. काही हरवलं की लोक आधी आमच्याकडे यायचे. माझ्या वडिलांना धरलं. तोंडाला काजळी फासली आणि गाढवावर उलटं बसवून गावातून फिरवलं. शेळी पुढं शेजारच्या गावात सापडली."

"मग?"

"मग काय? त्यांनी ती आणून बांधली."

काका पुढे बोलत राहिले. "वडील घराबाहेर पडेनात. कामाला जाईनात, जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग झावळ्यांचा रविवार आला. आईनं ओढून देवळात नेलं. आम्ही देऊळच म्हणायचो. उपासना घेणाऱ्या गुरुजींनी तो भाग वाचला, येशूनं गाढव मागवलं आणि त्यावर बसून शहरात गेला. वडिलांनी तो दरवर्षी ऐकलेला होता. त्या दिवशी ते मध्येच उभे राहिले. म्हणाले, 'गुरुजी, परत वाचा.' गुरुजींनी परत वाचलं. 'त्यानं सवताहून मागवलं?' गुरुजी म्हणाले, 'हो. स्वतःहून.' 'आन् लोक हसले नाहीत?' गुरुजी म्हणाले, 'रविवारी जयजयकार केला. शुक्रवारी त्याच गावात त्याला क्रुसावर खिळला. आणि हे त्याला रविवारीच ठाऊक होतं.' वडील खाली बसले. सोमवारी कामावर गेले."

टपरीवाल्यानं कप उचलले. काका उठताना म्हणाले, "आता सांग, जीप कशी चालेल?"

रविवारी सकाळी गाढव आलं. तळवड्याहून कासारवाडीपर्यंत त्याला चालवत आणणं शक्य नव्हतं, म्हणून माझ्या नवऱ्यानं चाकणच्या एका मित्राचा छोटा हत्ती टेम्पो मिळवला. काका तो किस्सा नंतर सगळ्यांना सांगत सुटले, आमचं गाढव हत्तीवरून आलं. गाडीच्या मागच्या फळीवरून नवऱ्यानं त्याला ज्या हळुवारपणे खाली उतरवलं ते पाहून काका मला म्हणाले, "माणूस चांगला आहे गं तुझा." मी म्हटलं, "आज कळलं का?"

नाक्यावर मंडळी जमली होती. पांढऱ्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, हातात नारळाच्या न् शिंदीच्या झावळ्या. बाईनं गाढवाला आंघोळ घातली होती, कपाळाला टिळा लावला होता. सेक्रेटरी लांब उभे होते आणि गाढवानं त्यांच्याच हातातली झावळी खायला घेतली. पाळकसाहेबांनी सगळ्यांना सलाम केला, प्रार्थना झाली, ढोलकी सुरू झाली. मंडळी निघाली. गाढव निघेना.

बाईनं हाकललं, चुचकारलं, शेपटीला हात लावला. गाढव जागेवर. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रिकामं चालत न्हाई ते. त्याला वझ्याची सवं हाय. पाठीवर काय नसलं की त्याला वाटतं सुट्टी झाली."

कुणी म्हणालं, बाजाची पेटी ठेवा. कुणी म्हणालं, दोन पोती टाका. काका म्हणाले, "पोत्यांची मिरवणूक काढायची का?" एकदोन मुलं पुढे सरकली, त्यांच्या आयांनी त्यांचे दंड धरले. शाळेत चिडवतील, व्हिडिओ निघेल. पाळकसाहेब म्हणाले, "मी बसतो." बाईनं त्यांच्याकडे पाहून स्पष्ट सांगितलं, "तुमी नगा. पाय मोडतील त्याचं." सगळे हसले, पाळकसाहेबही. मग बाईनं काकांकडे बोट दाखवलं. "हे बाबा हायेत की हलके. ह्यास्नी बसवा."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. इतकी वर्षं गाढव गाढव करणारा माणूस समोर होता आणि गाढवही समोर होतं. कुणीतरी टाळी वाजवली. मी काकांकडे बघत होते म्हणून मला दिसलं, त्यांचा रंग उतरला. ते एक पाऊल मागे सरले. "मी नाही," ते म्हणाले. "मी कसा बसणार? मी कोण?" गाढव मिरवणुकीत हवं, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यावर आपण बसायचं हे त्यांच्या मनातच नव्हतं. किंवा असेल, आणि म्हणूनच ते कधी बोलले नसतील.

काकू पुढे आल्या. गुडघे दुखत म्हणून त्या एरवी मिरवणुकीच्या शेवटी चालत. त्यांनी काकांच्या हातातली झावळी काढून घेतली आणि हळूच म्हणाल्या, मी जवळ होते म्हणून ऐकू आलं, "मामंजींना कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारतायत. बसा."

काकांनी चपला काढल्या. का काढल्या कुणास ठाऊक. माझ्या नवऱ्यानं आणि पाळकसाहेबांनी त्यांना आधार दिला आणि काका गाढवावर बसले. गाढवानं कान हलवले आणि चालायला लागलं. बाई म्हणाली, "बगा, सांगितलं व्हतं का न्हाई?"

मिरवणूक जुन्या हायवेकडे वळली तसा रस्त्यावरचा सगळा रविवार थांबला. बसमधून डोकी बाहेर आली, फोन वर झाले. मंडळी "होसान्ना" म्हणत होती, पण आवाज दबलेला होता, सेक्रेटरींनी तर मान खाली घातली होती. वडापावच्या गाडीपाशी तरुणांचा घोळका होता. त्यातला एक, गळ्यात जाड साखळी घातलेला, इथल्याच जुन्या गाववाल्यांपैकी, हसत ओरडला, "ओ काका! काय गुन्हा केला राव? कशापायी बसवलं गाढवावर?"

घोळका खदखदला. ढोलकी थांबली. मला वाटलं, आता काका उतरतील.

काका त्याच्याकडे वळले. आवाज न चढवता, जसे रोज गल्लीत बोलत तसे बोलले.

"काही नाही केलं राजे. म्हणूनच बसलोय."

तो तरुण हसायचा थांबला असं मी म्हणणार नाही. थोडं हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. पण तो रस्त्यात उतरला, हात आडवा धरून त्यानं मागून येणारा डंपर थांबवला आणि ड्रायव्हरवर ओरडला, "थांब की लेका! म्हातारं पडंल न्हाई का!" मिरवणूक रस्ता ओलांडेपर्यंत तो तसाच उभा होता. आमच्यात कुणीतरी, मला वाटतं सेक्रेटरींनीच, मान वर करून मोठ्यानं "होसान्ना" म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं. अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. काकूंनी चालता चालता सांगितला: आम्हाला वाचव. मला आधी वाटलं होतं, जय असो वगैरे काहीतरी असेल.

चर्चच्या आवारात गाढवाला गूळ मिळाला. बाईला काकूंनी आपल्या शेजारी बाकावर बसवलं. उपासना चालू असताना तिनं अधूनमधून खिडकीतून गाढवाकडे आणि मग वेदीकडे बघितलं आणि शेवटी काकूंना विचारलं, "तुमच्या देवाच्या गाढवाचं पुढं काय झालं?" काकूंनी हे सांगताना हसून हसून डोळे पुसले होते. कुणालाच सांगता येईना. पाळकसाहेबही म्हणाले, शास्त्रात काही लिहिलेलं नाही. काकांनी मात्र लगेच सांगितलं, "धन्याकडे परत गेलं. जिथून मागून आणलं तिथं." बाईला ते पटलं.

व्हिडिओ निघायचा तो निघालाच. त्याला कुणीतरी सनई जोडली होती. चार दिवस तो सगळ्यांच्या फोनवर फिरला, खाली हसायची चित्रं होती आणि नमस्काराचीही होती. सेक्रेटरी आधी अस्वस्थ झाले, मग गुड फ्रायडेला त्यांच्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले तेव्हा जरा खुलले. काकांनी तो माझ्या फोनवर पुन्हा पुन्हा बघितला. त्यांचं मत एकच होतं. "गाढव छान दिसतंय."

पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या दुपारचं. जेवणं झाली होती. काकूंनी मटणाचा रस्सा आणि भाकरी केली होती, आम्हा दोघांना खालीच जेवायला बोलावलं होतं. बाई डबा बांधून घेऊन गाढवासकट परत गेली होती. काका पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. पायांना धूळ तशीच होती. मी ताक द्यायला गेले.

"दमलात काका?"

"नाही गं." ते म्हणाले, "वडील शेवटी आजारी होते तेव्हा मी त्यांना एकदा विचारलं होतं, त्या दिवशी गावातून फिरवलं तेव्हा कोण कोण होतं? ते म्हणाले, 'मला न्हाई ठाऊक. मी डोळं मिटून घेतलं व्हतं. निघाल्यापास्नं उतरेपत्तुर.'" काकांनी ताकाचा पेला दोन्ही हातांत धरला. "मी आज नाही मिटले."

"मग? काय दिसलं?"

त्यांनी आठवून बघितलं. साहेबांना कुठे कुठे सोडून आलो ते सांगताना करत तसा चेहरा नव्हता तो. नुकताच कुठूनतरी लांबून घरी आलेला माणूस सांगतो तसे ते म्हणाले, "माणसं दिसली. बरीचशी ओळखीची होती."

मग त्यांनी ताक संपवलं, मान मागे टाकली आणि त्यांना झोप लागली. दुपारी झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी येऊन पंखा एक घर वाढवला आणि त्या त्यांच्या पायांशी ओलं फडकं घेऊन बसल्या.